अंगण कोण तपासणार?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, ते शिक्षक होते. शिक्षकाच्या हाताखालून पिढ्यान् पिढ्या मुलं जातात. त्यांतली चार-दोन नावारूपाला येतात, आणि गाव म्हणतं, "गुरुजींचे विद्यार्थी!" बाकीच्यांचं काय झालं, हे फक्त शिक्षकालाच ठाऊक असतं. आजचा विषय मला त्यावरूनच सुचला. यश मिळालेल्या माणसाकडे आपण कसं पाहतो, न मिळालेल्याकडे कसं पाहतो, आणि त्या पाहण्यात आपलं मन कुठे कुठे फसतं, याबद्दल मला बोलायचं आहे.

सत्कार समारंभ आठवा. हार घालून होतात, माइक हातात येतो, आणि विजेता सांगतो, "कष्टाला पर्याय नाही." टाळ्या पडतात. तो खोटं बोलत नसतो. त्यानं रात्री जागवलेल्या असतात. पण माझा प्रश्न वेगळा आहे. ज्यांच्या गळ्यात हार पडला नाही, त्यांनी रात्री जागवल्या नव्हत्या का? आणि जागवल्या असतील, तर कष्टानं यश मिळतं एवढंच सांगून आपण गोष्ट पूर्ण सांगितली असं होतं का?

आधी एक खुलासा करतो. नशीब म्हटलं की कुणाला पत्रिका आठवेल, साडेसाती आठवेल. माझा त्याच्याशी काही संबंध नाही. कोणत्या साली जन्म झाला, कोणत्या घरात झाला, ऐन वेळी कोण भेटलं, कोणती जागा रिकामी होती आणि कोणती भरलेली. जे माणसाच्या हातात नसतं पण ज्यानं त्याचा निकाल फिरतो, ते सगळं मी नशीब या शब्दात धरतो. त्यात गूढ काही नाही. बरंचसं तर तारीख-वारासकट सांगता येतं.

सांगूनच दाखवतो. पद्माकर शिवलकर हे नाव इथल्या ज्येष्ठांना सांगावं लागणार नाही. तरुणांसाठी सांगतो. मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत 589 बळी, सरासरी विसाच्या आत. 1972-73च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात 16 धावांत 8 बळी, दुसऱ्या डावात 18 धावांत 5. तमिळनाडूचे दोन्ही डाव मिळून धावा किती? 141. असा हा गोलंदाज. भारताकडून किती कसोटी खेळला? एकही नाही.

का नाही? त्याच काळात, त्याच हातानं, तशीच गोलंदाजी करणारा बिशनसिंग बेदी संघात होता. 1966च्या अखेरीस आला आणि 1979पर्यंत राहिला. 67 कसोटी, 266 बळी. बेदी थोर होता, यात वादच नाही. पण संघात डावखुऱ्या फिरकीची जागा एक, आणि ती तेरा वर्षं भरलेली. एकटे शिवलकरच बाहेर राहिले का? हरियाणाचे राजिंदर गोयल पाहा. प्रथम श्रेणीत 750 बळी, त्यांतले 637 रणजीत, आणि रणजीतला तो विक्रम आहे. कसोट्या? शून्य. 1974मध्ये बेंगळुरूच्या कसोटीत शिस्तभंगाच्या कारणावरून बेदीला वगळलं आणि गोयलना बोलावणं आलं. दार उघडलं असं वाटलं. सामन्याच्या सकाळी संघ जाहीर झाला तेव्हा गोयलांचं नाव त्यात नव्हतं. वेस्ट इंडीजविरुद्ध त्या दिवशी दोन ऑफस्पिनर खेळवायचं ठरलं होतं.

आता यावर कुणी म्हणेल, कशावरून ते कसोटीत चमकले असते? रणजी वेगळी, कसोटी वेगळी. प्रश्न रास्त आहे. पण याचं थोडंफार उत्तर देणारा एक माणूस क्रिकेटच्या इतिहासात आहे. दिलीप दोशी. हाही डावखुरा फिरकी गोलंदाज, हाही बेदीच्या सावलीत वर्षानुवर्षं थांबलेला. फरक एवढाच की तो शिवलकरांहून काही वर्षांनी लहान होता. 1979 साली बेदी संघातून गेला तेव्हा दोशी बत्तिशीला टेकला होता, म्हणजे अजून चालण्याजोगा होता. पहिली कसोटी त्या वयात खेळला आणि 33 कसोट्यांत 114 बळी घेतले. त्या वेळी शिवलकर चाळिशीला आले होते. मेहनत, चिकाटी, नजर, मनगट, सगळं बाजूला ठेवा. निवड केली ती जन्मसालानं.

2017 साली क्रिकेट मंडळानं शिवलकर आणि गोयल या दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. दोघांना एकाच वर्षी. त्या पुरस्काराचा मला आनंद झाला. पण एक गोष्ट मला अस्वस्थ करते. आज एखाद्या बारा वर्षांच्या फिरकी गोलंदाजाला आपण कुणाचं उदाहरण देतो? बेदीचं देतो. त्यानं काय केलं ते शिकवतो आणि सांगतो, असं कर म्हणजे तू तिथे पोचशील. शिवलकरांनीही नेमकं तेच केलं होतं, हे त्या मुलाला कोण सांगणार?

इथून मी पहिल्या मोठ्या मुद्द्याकडे येतो. जे पोचले त्यांच्याकडेच पाहून आपण पोचण्याचे नियम काढतो. ही चूक फार जुनी आहे, आणि तिची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली आहे. अब्राहम वॉल्ड हा गणितज्ञ. जन्म 1902चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या, आजच्या रोमानियातल्या क्लुज शहरी. ज्यू होता म्हणून व्हिएन्नात विद्यापीठाची नोकरी मिळाली नाही. 1938 साली नाझींच्या तावडीतून सुटून अमेरिकेला गेला. मागे राहिलेले बहुतेक कुटुंबीय छळछावण्यांत मारले गेले. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात युद्धासाठी काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटात तो होता. गोष्ट अशी सांगतात, की बॉम्बफेक करून परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे कुठे आहेत याची नोंद झाली. पंखांवर फार, धडावर फार, इंजिनावर कमी. अधिकाऱ्यांना वाटलं, जिथे भोकं जास्त तिथे पोलादी पत्रा जाड करावा. वॉल्डचं गणित उलट सांगत होतं. ही विमानं परतलेली आहेत. ज्यांच्या इंजिनाला गोळी लागली ती परतलीच नाहीत, म्हणून तिथली भोकं तुम्हाला दिसत नाहीत.

किती साधी गोष्ट! आणि तरी ती रोज विसरली जाते. "अमक्यानं कॉलेज सोडलं आणि मोठी कंपनी उभारली." कॉलेज सोडून ज्यांची कंपनी बुडाली ते आत्मचरित्र लिहीत नाहीत. "तमक्यानं घर गहाण टाकून धंदा केला." गहाण टाकलेली किती घरं गेली? ती यादी कोणत्या पुस्तकात मिळेल? यशाची पुस्तकं म्हणजे परतलेल्या विमानांची पाहणी आहे, आणि तिच्यावरून आपण आपल्या मुलांना सल्ला देत सुटलो आहोत.

वॉल्डबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण त्याचा शेवट आपल्या देशात झाला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून तो व्याख्यानांसाठी इथे आला होता. 13 डिसेंबर 1950 रोजी नीलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून तो आणि त्याची पत्नी, दोघंही गेली. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. त्या विमानात बसताना त्यानं कोणती चूक केली होती? कोणतीही नाही.

दुसरा मुद्दा. निकाल लागल्यावर आपल्याला वाटतं, हे असंच होणार होतं. 1975 साली बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग केला. त्यानं प्रसंग निवडला तो 1814च्या सुमाराच्या इंग्रज-गुरखा युद्धाचा, बहुतेकांना अपरिचित असा. एकच माहिती सगळ्यांना वाचायला दिली. मग एका गटाला सांगितलं की इंग्रज जिंकले, दुसऱ्याला सांगितलं गुरखे जिंकले, कुणाला सांगितलं कोंडी झाली, कुणाला सांगितलं तह झाला. आणि विचारलं, आधीच्या माहितीवरून याची शक्यता किती वाटत होती? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच शेवट अधिक संभवनीय वाटला. माहिती तीच. आणि त्या माहितीतले पुरावेसुद्धा प्रत्येकानं आपापल्या शेवटाला जुळणारे उचलले.

हे ऐकल्यावर मराठी माणसाच्या मनात पहिलं नाव कुठलं यायला हवं? पानिपत.

अडीचशे वर्षं आपण सदाशिवरावभाऊंचा न्याय करतो आहोत. भाऊ हट्टी होते. भाऊंनी सूरजमल जाटाचं ऐकलं नाही. यात्रेकरू आणि बायकामुलांचा लबेदा बरोबर नेला. गनिमी कावा सोडून तोफखान्याच्या भरवशावर राहिले. ही यादी आपल्याला तोंडपाठ आहे. आता 1760 साल डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारीत उदगीरला निजामाचा पराभव झालेला. त्या विजयाचे शिल्पकार कोण? हेच भाऊ. तोफखाना कोणाचा? याच इब्राहिमखान गारद्याचा. ऑगस्टात दिल्ली हाती आली. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला. तोवर जे भाऊ करत होते त्याला पुण्यात हट्ट म्हणत होते की करारीपणा? आणि 14 जानेवारी 1761च्या दुपारपर्यंत इब्राहिमखानाच्या पलटणींनी रोहिल्यांची दाणादाण उडवली होती. मग विश्वासरावांना गोळी लागली.

माझं म्हणणं नीट समजून घ्या. पराभवाला कारणं होती. अब्दालीनं यमुना ओलांडून रसद तोडली होती, छावणी उपाशी होती, घोडे मरत होते. ही कारणं खरी आहेत आणि इतिहासकारांनी ती मांडलीच पाहिजेत. मला एवढंच विचारायचं आहे, की ती गोळी हातभर बाजूनं गेली असती आणि अब्दालीची राखीव फौज यायला उशीर झाला असता, तर आपण आज भाऊंच्या त्याच निर्णयांना काय म्हटलं असतं? बायकामुलं बरोबर होती म्हणून सैन्य प्राणपणानं लढलं, असं म्हटलं असतं. तोफखान्यावर भिस्त ठेवली ही दूरदृष्टी, असं म्हटलं असतं. निर्णय तेच, माणूस तोच. विशेषणं बदलली ती निकालानं. निर्णयाची पारख निर्णयाच्या वेळी काय ठाऊक होतं त्यावरून करायची असते. आपण ती शेवटावरून करतो, आणि एका माणसाला अडीचशे वर्षं शिक्षा देत राहतो.

इथे एक छोटा प्रयोग जोडतो. तो 2006 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी अनोळखी बँडांची 48 गाणी इंटरनेटवर ठेवली. चौदा हजारांवर लोकांनी ती ऐकली. या लोकांचे वेगवेगळे गट केले होते. आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं हे ज्याला त्याला दिसे, दुसऱ्या गटांतलं मात्र दिसत नसे. तेच एक गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्यात चाळिसावं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी वाईट गाणी सहसा वर आली नाहीत, हेही खरं. मधल्या मोठ्या पट्ट्यात मात्र सुरुवातीला कुणाला चार श्रोते जास्त मिळाले, त्यावर पुढचं ठरलं. आणि जे गाणं वर गेलं त्याच्या चालीत काय जादू आहे, हे सांगणारे समीक्षक प्रत्येक गटात मिळाले असते याची मला खात्री आहे.

म्हणजे मग गुणाला किंमतच नाही का? प्रयत्न व्यर्थ का? हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल, आणि तो टाळून मला पुढे जायचं नाही. याचं उत्तर मी कल्याणच्या एका मुलीच्या हकिकतीतून देतो. आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, ते दहा दिवसांत गेलं. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला. त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डर पूर्वी कोल्हापूरला होते, आता अमेरिकेत प्रिन्स्टनहून मासिक काढत. त्यांचं उत्तर निराश करणारं होतं. धर्म बदलला तर पाहू, असा त्याचा रोख. पण पत्र आणि उत्तर दोन्ही त्यांनी मासिकात छापलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई 1880च्या सुमारास दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेला मासिकाचा जुना अंक त्यांनी चाळला आणि ते पत्र त्यांच्या नजरेला पडलं. त्यातून ओळख झाली, पत्रव्यवहार सुरू झाला, आनंदीबाईंना त्यांच्या कार्पेंटरमावशी मिळाल्या. 1883 साली अठरा वर्षांची ही मुलगी पतीविना कलकत्त्याहून जहाजात बसली, आणि 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाली.

दात दुखला नसता तर? डॉक्टरनं लगेच आत बोलावलं असतं तर? प्रश्न पोरकट वाटतो, पण त्याचं प्रामाणिक उत्तर आपल्याला भिववणारं आहे. आणि त्याच वेळी हेही खरं, की तो अंक कितीही वाऱ्यावर उडत आला असता तरी समुद्र ओलांडण्याची छाती त्या मुलीची होती. थंडीत, आजारात, परक्या अन्नावर तीन वर्षं काढली ती तिनं. प्रयत्नानं तिला संधीच्या लायक केलं, आणि संधी दुसऱ्याच कुणीतरी हजारो मैलांवर, नकळत आणून दिली. दोन्ही हवं होतं. दोन्हींतलं एक नसतं तर डॉक्टर आनंदीबाई जोशी हे नाव आपण घेतलं नसतं. आणि पुढे? कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती. क्षयानं गाठलं. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या गेल्या, बाविसाव्या वर्षात पाऊल टाकून वर्षही झालं नव्हतं. एकही दिवस त्या कामावर रुजू होऊ शकल्या नाहीत. नशिबानं दिलं आणि नशिबानंच नेलं. त्यांच्या योग्यतेत या दोन्ही वेळी काय फरक पडला होता?

आणि छाती तशीच, पण पत्र कुणी वाचलंच नाही, अशा मुली त्या शतकात किती असतील? त्यांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत. प्रयत्न व्यर्थ नाहीत, मित्रहो. प्रयत्न पुरेसे नाहीत. या दोन वाक्यांतला फरक मला आज तुमच्यापर्यंत पोचवायचा आहे.

तिसरा मुद्दा आपल्या रोजच्या न्यायाचा. आपल्याकडे म्हण आहे, नाचता येईना अंगण वाकडं. स्वतःच्या कमीपणाचं खापर परिस्थितीवर फोडणाऱ्याला ती आपण सुनावतो. मानसशास्त्रज्ञ सांगतात, की दुसऱ्याचं अपयश पाहताना आपण त्याचा स्वभाव पाहतो, आणि आपलं अपयश आठवताना परिस्थिती आठवतो. म्हणजे मी पडलो तर अंगण वाकडं. शेजाऱ्याचा मुलगा पडला तर त्याला नाचता येत नाही. आणि मी नाचलो, वाहवा मिळाली, तर अंगण सरळ होतं हे मात्र माझ्या ध्यानातही येत नाही. वडिलांनी फी भरली होती, घरात स्वतंत्र खोली होती, आईनं ताट हातात दिलं होतं. हे सगळं सपाट जमिनीसारखं पायाखाली असतं म्हणून दिसत नाही. अंगण खरोखरच वाकडं आहे का, हे कोणी तपासायचं? ज्याला पडून लागलं त्याच्यावर आपण विश्वास ठेवत नाही, आणि जो नाचून गेला त्याला खाली पाहायचं कारण नसतं.

आता पुण्याच्या सदाशिव पेठेत चला. नवी पेठेत चला, शास्त्री रस्त्यावर उभे राहा. लातूर, बीड, नांदेड, यवतमाळहून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुलं-मुली. कॉट बेसिसवर खोली, महिन्याची मेस, अभ्यासिकेतली एक खुर्ची. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला देशभरातून दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि निवड होते हजाराच्या आसपास. मुख्य परीक्षेचे लेखी 1750 गुण, मुलाखतीचे 275. कट-ऑफच्या दोन्ही बाजूंना, एकेका गुणाच्या अंतरात, मुलंच मुलं उभी असतात. मुलाखतीला कोणतं पॅनेल आलं, निबंधाला कोणता विषय आला, त्या आठवड्यात ताप आला का, यावर तो एक गुण इकडचा तिकडे होतो. रेषेच्या वरच्याचा गावात फ्लेक्स लागतो, उघड्या जीपमधून मिरवणूक निघते. रेषेच्या खालचा दिवाळीला गावी जायचं टाळतो.

आणि परीक्षाच झाली नाही तर? राज्य लोकसेवा आयोगाची एप्रिल 2020ची राज्यसेवा पूर्व परीक्षा लांबत लांबत 14 मार्च 2021वर आली, आणि तीन दिवस आधी पुन्हा पुढे ढकलली गेली. तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती. शेवटी ती 21 मार्चला झाली. त्या वर्षात वयोमर्यादेच्या काठावर कोण होतं, कुणाच्या घरचे पैसे संपले, कुणाचं लग्न ठरवून टाकलं गेलं, याचा हिशेब कोणत्या गुणपत्रिकेत आहे?

क्लासवाले टॉपरला बोलावतात. टॉपर दिनक्रम सांगतो: पहाटे किती वाजता उठायचं, कोणती पुस्तकं, किती रिव्हिजन. मुलं लिहून घेतात. तोच दिनक्रम पाळून, तीच पुस्तकं वाचून पाच अटेम्प्ट दिलेला मुलगा त्याच सभागृहात मागच्या रांगेत बसलेला असतो. तो ते ऐकतो आणि त्याच्या मनात एकच निष्कर्ष निघू शकतो: मग खोट माझ्यातच असणार. हा निष्कर्ष आपण त्याच्यावर लादतो. दरवर्षी, हार घालून, टाळ्या वाजवून लादतो. याची मला चीड येते. तिथवर पोचायला लागणारी बुद्धी आणि शिस्त त्या मुलात आहे, आणि आपण त्याला आळशी ठरवून घरी पाठवतो आहोत.

कुणी म्हणेल, मुलांना हे सांगितलं तर ती हातपाय गाळतील. मला उलट वाटतं. निकालात आपल्या हाताबाहेरचा वाटा किती आहे हे ज्याला ठाऊक असतं, तो दुसरी वाट वेळेत धरतो, आणि ती धरताना त्याला लाज वाटत नाही. ज्याला सांगितलं की सगळं तुझ्याच हातात आहे, तो चौथ्या अपयशानंतर स्वतःचाच शत्रू होतो. आणि ज्याला यश मिळालं, त्याला हे कळलं तर काय होईल? उद्या तो जिल्हाधिकारी होऊन खुर्चीत बसेल, समोर कागद घेऊन कुणीतरी उभं असेल, तेव्हा त्या माणसाच्या जागी आपण असू शकलो असतो हे त्याला आठवेल. कारभार करणाऱ्याच्या अंगी यापेक्षा मोठा गुण मला माहीत नाही.

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती अगदी साधी आहे. गावात सत्कार करा, जरूर करा. पण ज्या संस्था टॉपरला मार्गदर्शनाला बोलावतात, त्यांनी त्याच व्यासपीठावर मुलाखतीपर्यंत जाऊन यादीत न आलेल्या एकाला बोलवावं. त्याला विचारावं: तू काय वाचलंस, किती वर्षं दिलीस, किती पैसे लागले, केव्हा थांबायचं ठरवलंस, आज काय करतोस? पालकांनी मुलाला पुण्याला पाठवताना पहिल्याच दिवशी किती अटेम्प्ट आणि मग काय, हे त्याच्याबरोबर बसून ठरवावं आणि कागदावर लिहावं. लोकसेवा आयोगांनी वेळापत्रक पाळावं, कारण लांबलेल्या प्रत्येक महिन्याची किंमत सर्वांना सारखी नसते. ज्याच्या घरी शेत आणि कर्ज आहे त्याला ती अधिक पडते.

आणि या व्याख्यानमालेच्या संयोजकांना एक विनंती. पुढच्या वर्षी इथे अशाच एखाद्या मुलाला किंवा मुलीला वक्ता म्हणून बोलवा. पूर्ण एक तास द्या, प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास वेगळा ठेवा, आणि निमंत्रणपत्रिकेवर नावापुढे 'माजी स्पर्धा परीक्षार्थी' असं छापा.